डावीकडचा वृंद

भीती वाटायला अंधार, पिंपळ, निदान एखादं ओसाड घर तरी लागतं, असा माझा बावन्न वर्षं समज होता. मला ती सकाळी साडेदहाला वाटली, माझ्याच दुकानात, समोरच्या क्लासमधली मुलं फुटपाथवर वडापाव खात उभी असताना.

मी पेट्या दुरुस्त करतो, म्हणजे हार्मोनियम. सदाशिव पेठेत दहा बाय बाराचं दुकान आहे. त्यात मी, माझी कानस आणि पोट उघडून ठेवलेल्या सात-आठ पेट्या असतो. पेटीत एका स्वरासाठी पितळेच्या दोन पट्ट्या असतात. दोन्ही अगदी एका सुरात लागल्या की आवाज स्थिर राहतो. केसभर फरक असला की तो पाण्यासारखा हेलकावे खातो. हेलकावा थांबेपर्यंत पट्टी खरवडायची. टोकाला खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. एवढंच माझं शास्त्र. बाकी सगळा कान.

त्या दिवशी एकच पट्टी वाजवून बघत होतो. कानस खाली पडली म्हणून वाकलो, आणि डावा कान पेटीजवळ आला. सूर उतरला. सरळ झालो, सूर जागेवर. परत वाकलो, परत उतरला. सूर्यनमस्कार घालावेत तसा मी सात-आठ वेळा वर-खाली झालो. वडापाववाल्या मुलांपैकी एक दुसऱ्याला म्हणाला, ‘‘काका बघ, फुल वर्कआउट.’’

पट्टी एक. भाता तोच. हात माझाच. उजव्या कानाला एक सूर ऐकू येत होता आणि डाव्याला त्याच्या थोडा खालचा.

तळहाताला घाम सुटला. मी कानस पुसली, शटर अर्धं ओढलं आणि आत जाऊन पाणी प्यायलो. ते पिताना गळ्यातला घोटाचा आवाजसुद्धा मी डावा-उजवा करून तपासत होतो.

घरी सांगितलं नाही. का सांगायचं? डोळे अधू झालेल्या शिंप्याबद्दल लोक हळहळून दुसऱ्या शिंप्याकडे जातात. कान गेलेल्या पेटीवाल्याबद्दल तर हळहळसुद्धा कोणी करणार नाही, कारण तो विनोदच वाटतो. तो विनोद मी स्वतः कितीदा चारचौघांत रंगवून सांगितला असता!

आता आमच्या रविवारच्या बैठकीबद्दल सांगायला हवं, कारण ही भीती वाढली ती तिथे.

एक निवृत्त प्राध्यापक माझ्या दुकानात आले होते. विषय पदार्थविज्ञान. पेटी नव्हती त्यांच्याजवळ. पेटी हे वाद्य मुळातच कसं तडजोडीचं आहे हे मला सांगायला ते आले होते. अर्धा तास त्यांनी माझ्या पोटापाण्याचा पाणउतारा केला आणि जाताना म्हणाले, ‘‘रविवारी चार वाजता घरी या. पाश्चात्त्य संगीत ऐकवतो. चहा मिळेल. मत द्यावं लागेल.’’

इतकं तुटक आमंत्रण मला आयुष्यात मिळालं नव्हतं. म्हणून गेलो, आणि अडकलो.

बैठकीत आम्ही चारच. यजमान प्राध्यापक, त्यांना आम्ही सर म्हणतो. दुसऱ्या बाई, कॅम्पातल्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या, चर्चच्या गायनवृंदात चाळीस वर्षं गात आलेल्या. मांडीवर स्वरलिपीचं जाड पुस्तक उघडून ऐकतात, आणि कोणी चुकीचं बोललं की पुस्तकातून मान वर न काढता फक्त पान जोरात उलटतात. तिसरा धायरीचा, पस्तिशीचा, आयटीत नोकरीला. घराण्याची शेती होती तिथे आता इमारती आहेत, पण गावच्या भजनी मंडळात त्याचा पखवाज अजून चालू आहे. चौथा मी. सर मला ‘पेटीवाले’ म्हणतात आणि सूर या विषयावर माझा शब्द शेवटचा मानतात. मानत होते, असं म्हणू.

त्या वर्षी आम्ही एकच रचना घेतली होती. तीनशे वर्षांपूर्वीची, ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांची कथा गाऊन सांगणारी. पात्रं नाटकासारखी, पण कोणी जागचं हलत नाही. कथा सांगणारा एक कीर्तनकार, मध्येच एकट्याची गाणी, मध्येच सगळ्यांनी मिळून म्हणायची साधी पदं. आणि सगळ्यात झकास गोष्ट म्हणजे गाणारे वृंद दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे. एक काही सांगायला लागतो, दुसरा मध्येच त्याला प्रश्न विचारतो. सरांच्या दिवाणखान्यातल्या दोन स्पीकरांमधून ते असे बोलायचे की मधल्या सतरंजीवर आपण चोरासारखे पकडले गेलोय असं वाटावं.

सरांकडे या रचनेची तीन ध्वनिमुद्रणं होती, तिन्ही जुन्या रेकॉर्डींची, चार-चार तबकड्यांचे डबे. सरांचा नियम कडक होता: मत आधी, डबा नंतर. म्हणजे तिन्ही ऐकून, मतं देऊन, भांडून होईपर्यंत डबा कपाटात. कोणी गायलं, कोणी बसवलं, कुठल्या देशात, काही कळू द्यायचं नाही. ‘‘नाव वाचलं की माणूस ऐकायचं थांबतो आणि मान डोलवायला लागतो,’’ सर म्हणायचे. डब्यातली माहितीपुस्तिकासुद्धा बंद. त्यांनी स्वतःही ती उघडली नव्हती, इतके ते नियमाला पक्के.

पहिल्या रविवारी पहिला डबा. प्रचंड मोठा वृंद, संथ चाल. सुरुवातीचं समूहगान संपायला अकरा मिनिटं लागली. सरांनी चष्मा काढून पुसला, आणि डोळे नव्हे तर काचच पुसतोय असं आम्हाला दिसेल अशी काळजी घेतली.

‘‘बोला,’’ सर म्हणाले.

‘‘सर, ऑनेस्टली सांगू?’’ धायरीकर म्हणाला. ‘‘हे संध्याकाळच्या सिंहगड रोडसारखं वाटलं. सगळे एकत्र थांबलेत आणि प्रत्येक जण आपापला हॉर्न वाजवतोय.’’

‘‘तुमच्या रस्त्याचं दुःख घरी ठेवून येत चला. ही प्रेतयात्रा आहे. प्रेतयात्रेत धावत नाहीत.’’

‘‘आमच्या गावात धावतात सर. ऊन असलं की.’’

बाईंनी पान उलटलं. ‘‘संथपणाचं मला काही नाही. पण शब्द कुठे आहेत? एवढी माणसं एकदम रडायला लागली की कोण कशासाठी रडतंय तेच कळत नाही. दुःख आहे, पण पत्ता नाही त्याला.’’

मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मला नेहमी हा क्षण आवडायचा. चहाचा कप सावकाश खाली ठेवायचा, छताकडे बघायचं, थोडं थांबायचं. त्या दिवशी कप हातातच धरून बसलो. कारण संपूर्ण अकरा मिनिटं डावीकडचा वृंद मला उजवीकडच्यापेक्षा खाली ऐकू येत होता. आणि हे माझ्या कानाचं आहे की रेकॉर्डचं, हे मला खरोखर माहीत नव्हतं.

शहाण्या माणसानं हे कबूल केलं असतं. मी म्हणालो, ‘‘डावीकडचे लोक सूर सोडतायत.’’

‘‘काय सांगता!’’ सर दुखावले.

‘‘काका म्हणतायत म्हणजे असणार,’’ धायरीकर लगेच म्हणाला. ‘‘मला पण थोडं तसं वाटलंच.’’

त्याचे पाय धरावेसे वाटले. त्यालाही वाटलं! म्हणजे दोष रेकॉर्डचाच. तीन दिवस मी सुखानं झोपलो. चौथ्या दिवशी लक्षात आलं की मी ‘उजवीकडचे’ म्हणालो असतो तर त्याला ते उजवीकडेही वाटलं असतं.

मग मी स्वतःची गुपचूप परीक्षा घ्यायला लागलो. मंडईत गेलो. तिथे आवाजांना तोटा नाही. कोथिंबीरवाल्या मावशींसमोर उभा राहिलो, आधी डावा कान हातानं झाकला, मग उजवा, मग परत डावा. डाव्या कानानं ऐकलं की बाजार जरा लांब गेल्यासारखा, बोळा घातल्यासारखा वाटत होता. की मी घाबरलो म्हणून वाटत होता?

‘‘ओ काका,’’ मावशी ओरडल्या, दोन्ही कानांना सारखंच ऐकू जाईल अशा. ‘‘भाव ऐकून कान झाकताय व्हय? नसंल घ्यायची तर बाजूला व्हा, गिऱ्हाईक अडतंय.’’

भीतीपोटी चार जुड्या घेतल्या. घरी बायको म्हणाली, ‘‘एवढी कोथिंबीर? कोणाचं लग्न आहे?’’

दुकानात मी डाव्या कानात कापसाचा बोळा घालून काम करायला लागलो. गिऱ्हाइकांना सांगायचो, सर्दी आहे. पेट्या जागेवर लागत होत्या, परत कोणी आणली नाही. तरी प्रत्येक पेटी देताना मला वाटायचं, ही आता कुठल्या तरी मैफलीत उघडली जाणार आणि गवई मान वळवून साथीदाराकडे बघणार.

दुसऱ्या रविवारी सरांनी दुसरा डबा काढला. सुई टेकली. गाणं सुरू झालं.

सगळंच उतरलेलं होतं. डावं, उजवं, सगळं. गेल्या वेळी हेच समूहगान पेटीवरच्या पांढरी तीनमध्ये होतं. पेटीवाल्याला असल्या गोष्टी लक्षात ठेवाव्या लागत नाहीत, त्या राहतातच. आज ते काळी दोनला लागलं होतं, पूर्ण अर्धा स्वर खाली. बाकीचे तिघे मजेत माना हलवत होते. मी मात्र एकच विचार करत होतो: उजवापण गेला. आठवडाभरात रोग इकडून तिकडे आला.

‘‘जरा आत जाऊन येतो,’’ म्हणालो आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. खिशात सूर तपासायची एक छोटी नळी असते माझ्या, तोंडानं फुंकायची. बाहेरून गाणं ऐकू येत होतं. मी हळूच पांढरी तीन फुंकली.

‘‘पेटीवाले!’’ बाहेरून सरांचा आवाज आला. ‘‘आत शिट्ट्या कसल्या मारताय?’’

पण मला उत्तर मिळालं होतं. कान बिघडला असता तर नळीसुद्धा उतरलेलीच वाटली असती. नळी वर होती, गाणं खाली होतं. दोष बाहेर होता! मी आरशात बघून स्वतःला नमस्कार केला आणि विजयी मुद्रेनं दिवाणखान्यात प्रवेश केला.

‘‘सर, थांबवा. तुमचं यंत्र हळू फिरतंय.’’

ते यंत्र म्हणजे सरांचा जीव. त्यावरची धूळ ते स्वतः पुसायचे, आम्हा कोणालाही हात लावू द्यायचे नाहीत.

‘‘माझं यंत्र,’’ सर म्हणाले, ‘‘हळू फिरत नाही.’’

‘‘अर्धा स्वर उतरलाय. बेल्ट सैल झाला असेल. आणि डावीकडचे तर अजूनच खाली आहेत.’’ हे शेवटचं बोलायची गरज नव्हती. पण कोणी तरी एकदा मनापासून ‘हो, आहेत खरे’ म्हणावं, या आशेनं मी ते बोलून गेलो.

‘‘मला चाल आवडली, मस्त आहे,’’ धायरीकर म्हणाला. ‘‘लाइट. आमच्या एकादशीच्या भजनासारखं चाललंय. मेलाय कोणी तरी, पण पखवाज थांबत नाही.’’

‘‘इथे शब्द कळतात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘माणसं कमी आहेत आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचंय.’’

‘‘यंत्र हळू फिरत असताना मतं कसली देताय!’’ सर कडाडले. मग माझ्याकडे वळून, फारच नम्रपणे म्हणाले, ‘‘पुढच्या रविवारपर्यंत नवा बेल्ट घालतो. वेग मोजायची चकतीही आणतो. यंत्र चुकलं असेल तर मी तुमची माफी मागेन. आणि यंत्र बरोबर असेल तर आपण आपला कान तपासून घ्यावा.’’

‘आपण’ म्हणाले. पुण्यात माणूस ‘तुम्ही’वरून ‘आपण’वर आला की समजावं, आता दयामाया नाही.

तो आठवडा कसा गेला सांगता येत नाही. दिवसातून दहा वेळा नळी फुंकायचो. नळीवर विश्वास होता, मग नळी वीस वर्षांची आहे हे आठवायचं आणि तोही जायचा.

तिसऱ्या रविवारी मी जिने चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून नळी फुंकली. तीन मजले, लिफ्ट नाही. वर धायरीकर स्पीकरच्या तारा जोडत होता, कारण बेल्ट घालताना सरांनी सगळं सुटं केलं होतं. सरांनी तबकडीवर एक रेघारेघांची गोल चकती ठेवली. वेग बरोबर असला की ट्यूबलाइटच्या उजेडात त्या रेघा फिरताना उभ्या राहिल्यासारख्या दिसतात.

यंत्र सुरू झालं. रेघा थरथरल्या आणि थांबल्या. एकही रेघ हलेना.

‘‘हं,’’ सर म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी तीच रेकॉर्ड लावली. काळी दोन. तंतोतंत काळी दोन. मी बसल्या जागी थंड पडलो. धायरीकर माझ्याकडे बघायचं टाळत होता, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. सर जिंकूनही खूश दिसत नव्हते.

‘‘डबा आणा,’’ बाई म्हणाल्या.

‘‘बाई, नियम—’’

‘‘नियम गुंडाळून ठेवा आणि पुस्तिका आणा.’’ चाळीस वर्षं मुलांना उभं केलेला आवाज होता तो. सर उठून कपाटाकडे गेले. बाईंनी पुस्तिका उघडली, चष्मा वर केला, बोटानं ओळ शोधली. ‘‘हे वाचा. जुन्या काळची वाद्यं, जुन्या काळचा सूर. त्या वेळी सूर आजच्यापेक्षा खाली लावायचे, म्हणून यांनी मुद्दाम अर्धा स्वर उतरवून लावलाय. आमच्या चर्चमध्ये एकदा एक पाहुणे आले होते, त्यांनीही असंच सांगितलं होतं. मला गेल्याच वेळी शंका आली होती, पण तुम्ही दोघं यंत्रावर इतके चिडला होतात!’’

म्हणजे यंत्र बरोबर. आणि मीही बरोबर. चूक आमच्या नियमाची. कपाटात बंद असलेल्या एका ओळीसाठी सरांनी चांगला बेल्ट फेकून नवा घातला होता.

सर उभे राहिले. ‘‘पेटीवाले, मी माफी मागतो. नुसत्या कानावर अर्धा स्वर ओळखलात. मला तर कळलंही नाही.’’

‘‘काका, लीजंड आहात!’’ धायरीकरानं टाळ्या वाजवल्या.

मी मोठा झालो. फार मोठा झालो. कप घेतला, छताकडे बघितलं, थोडा थांबलो, आणि त्या भरात म्हणालो, ‘‘ते ठीक आहे. पण सर, डावीकडचे अजूनही उतरलेलेच आहेत हां. त्याला पुस्तिकेत काय उत्तर?’’

बाईंनी पान उलटलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

निघताना जिन्यात त्या माझ्याबरोबर उतरल्या. दुसऱ्या मजल्यावर थांबल्या, कठड्याला धरून.

‘‘कधीपासून आहे हे?’’

‘‘काय?’’

‘‘कान.’’

‘‘छे! सर्दी आहे जरा.’’

‘‘भाऊ, ऐका. आज त्यानं तारा उलट्या जोडल्या. डाव्याची उजवीकडे. माझ्यासमोर पुस्तक होतं, पहिल्या ओळीलाच कळलं मला. गेल्या रविवारी डावीकडे दुसरा वृंद होता, प्रश्न विचारणारा. आज डावीकडे पहिला होता. रेकॉर्ड तीच, गाणं तेच. गाणारी माणसं इकडची तिकडे गेली आणि तुमची तक्रार जागची हलली नाही.’’

मला हसू आलं. खरंच आलं. इतका सुरेख पकडलो गेलो होतो की दाद द्यावीशी वाटली. मी कठडा धरला. खाली कोणी तरी स्कूटर सुरू करत होतं. तो आवाज मला उजवीकडून ऐकू येत होता. रस्ता डावीकडे होता.

‘‘कोणाला सांगू नका,’’ मी म्हणालो.

‘‘मी नाही सांगणार. तुम्ही सांगणार आहात. आधी तपासून घ्या.’’

बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. तिनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, ‘‘मला वाटायचं, मुद्दाम ऐकत नाही.’’ आणि पदरानं डोळे पुसले. आमच्या संसारात इतकी हळवी वाक्यं फार नाहीत.

कान तपासायची खोली म्हणजे कपाटाएवढी. मऊ भिंती, एक काचेची खिडकी, पलीकडे बसलेली एक तरुण मुलगी. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. दार लागलं आणि अशी शांतता झाली की मला माझं रक्त ऐकू यायला लागलं. परीक्षेत नापास व्हायची इतकी भीती मला शाळेतही वाटली नव्हती. मी त्या मुलीच्या हाताकडे बघायला लागलो. तिचं बोट जरा हललं की बटण दाबायचं, असं धोरण ठरवलं. सात-आठ वेळा दाबलं.

हेडफोनमधून तिचा आवाज आला. ‘‘काका, मी अजून एकही आवाज सोडलेला नाही.’’

‘‘मला वाटलं, सोडणार आहात.’’

तिनं खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ केली. मग खरी परीक्षा सुरू झाली. उजव्या कानाची छान गेली. डाव्याची सुरू झाली, आणि पुष्कळ वेळ काहीच होईना. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होतो. ती आवाज सोडत असणार, मला दिसत होतं तिचा खांदा हलताना. पुन्हा हलला. पुन्हा. त्या कपाटात बसून मला कळलं की आवाज न येणं आणि आवाज न ऐकू येणं यांत आतल्या माणसाला काहीच फरक दिसत नाही.

डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाच्या आतल्या भागात बिघाड आहे. काही स्वर कमी ऐकू येतात, काही खाली सरकून ऐकू येतात. असंच राहील किंवा वाढेल. मीठ कमी करा, गोळ्या घ्या, तीन महिन्यांनी या.

‘‘आणि उजवा?’’

‘‘उजवा उत्तम आहे. आज तरी.’’

ती शेवटची दोन वाक्यं नसती बोलले तर चाललं असतं. नाही, शेवटचं एकच. पहिलं हवं होतं.

चौथ्या रविवारी तिसरा डबा होता. तारा सरळ केल्या होत्या. सर सुई ठेवणार एवढ्यात मी म्हणालो, ‘‘जरा थांबा,’’ आणि सांगून टाकलं. नाट्यमय करून सांगायचं ठरवलं होतं, घरी सरावही केला होता, पण दोन वाक्यांत संपलं. डावा कान खोटं ऐकतो. डावीकडचा वृंद उतरलेला नव्हता, मीच होतो.

धायरीकराचा चेहरा पडला. ‘‘पण काका, मी तर हो म्हणालो होतो...’’

‘‘तुला काय कळत होतं?’’

‘‘काही नाय. तुम्ही म्हणालात म्हणून.’’

सर खिडकीकडे बघत होते. ‘‘म्हणजे,’’ ते सावकाश म्हणाले, ‘‘इतके दिवस अर्ध्या ऐवजावर आम्हाला पूर्ण मतं देत होतात.’’ मग लगेच, दुसऱ्याच आवाजात म्हणाले, ‘‘दुकानाचं काय करणार?’’

‘‘उजव्यानं करतोय. जमतंय. पण पटत नाही. पेटी बरोबर लागली तरी घरी जाऊन वाटतं, नसेल लागली. पूर्वी एक कान म्हणायचा ‘लागली’ आणि दुसरा म्हणायचा ‘हो’. आता हो म्हणायला कोणी नाही.’’

सरांनी सुई टेकली.

मी पहिल्यांदाच सगळ्यांदेखत डाव्या कानावर तळहात दाबून बसलो. तिसरं ध्वनिमुद्रण ना संथ होतं ना भरधाव. उजव्या कानानं दोन्ही वृंद ऐकू येत होते, पण चपटे, एकाच भिंतीवर चिकटवलेले. कोण कुठून बोलतंय ते कळेना. डावीकडून प्रश्न येतो ती जागा आली आणि मला एकाएकी धास्ती बसली. हा प्रश्न सुरात होता का? उजवा उत्तम आहे, आज तरी. आज म्हणजे मंगळवार होता तो. आज रविवार आहे.

‘‘डावीकडचे सुरात आहेत का?’’ मी विचारलं. चारचौघांत, लाज सोडून. ‘‘खरं सांगा. मी म्हणालो म्हणून नको.’’

‘‘किंचित उतरलेत,’’ सर म्हणाले.

‘‘नाही सर, परफेक्ट आहेत,’’ धायरीकर म्हणाला. ‘‘उजवीकडचेच जरा चढलेत.’’

‘‘दोघेही सुरात आहेत,’’ बाई पुस्तकातून म्हणाल्या, ‘‘पण डावीकडच्यांना घाई झालीय, त्यामुळे तुम्हाला ते खाली वाटतात.’’

‘‘घाई? बाई, घाई नाहीच त्यात!’’

‘‘तुम्हाला प्रेतयात्रेशिवाय काही दिसतच नाही.’’

‘‘मॅडम, एक मिनिट, उजवीकडचे ऐका फक्त...’’

मी तिघांकडे आळीपाळीनं बघत होतो. सहा धडधाकट कान, आणि मला हवी असलेली एक गोष्ट त्यांच्याजवळ नव्हती. हाताखालचा कान तापला होता.

सर उठले. सुई उचलली आणि रेकॉर्ड पुन्हा सुरुवातीला आणली. ‘‘वाद नंतर,’’ ते म्हणाले. ‘‘आधी नीट ऐका. पेटीवाल्यांना सांगायचंय.’’

गाणं पुन्हा सुरू झालं. तिघेही पुढे वाकले, मान डाव्या स्पीकरकडे करून. बाईंनी पुस्तक मिटलं. धायरीकरानं डोळे घट्ट बंद केले. मी गाणं ऐकत नव्हतो. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो, काचेपलीकडच्या त्या मुलीच्या खांद्याकडे बघत होतो तसा, आणि प्रश्नाची जागा जवळ येत होती.